इंदूबाईंचा पाठ

हॅलो?… हॅलो! हो, नगरच. बायकांचं ट्रेनिंग कॉलेज… मी सुपरिंटेंडेंट सुमेधाबाईच बोलतेय. कोण?… सुचित्रा! अगं, पुण्याहून ट्रंककॉल?

पत्र मिळालं ना? मग?… हो, खरंच. इंदूबाईंची जागा रिकामी झालीय, आणि तिथं तू येतेस… अगं ऐक ना… आधी ऐक तर!

छे, मेल्या कसल्या? चांगल्या ठणठणीत आहेत. काल त्यांचा पाठ घेतला… पाठ गं! आपण नाही का द्यायचो? आपण फळ्यापाशी घामाघूम, आणि त्या मागच्या बाकावर बसून चुका टिपतायत… हो, आता त्यांचाच. लढाई संपल्यापासून वरून रोज नवा नियम. ट्रेनिंगचा दाखला नसेल तर कमिटीपुढे पाठ द्या. जमला तर राहा, नाहीतर घरी बसा.

त्यांच्याकडे कुठला दाखला? तरुणपणी विधवा झाल्या, सातवी पास होत्या, तशाच लागल्या. सत्तावीस वर्षं दुसऱ्यांना दाखले मिळवून देण्यात गेली… ठाऊक आहे गं, चारपाचशे मास्तरणी घडवल्या. तू आणि मी त्यातल्याच की.

हो. नापास केलं.

बायांचा वर्ग दिलाच नाही मुळी! बायांपुढे उभ्या राहिल्या असत्या तर विष्णुपंतांनी तिथल्या तिथं पास केलं असतं… कमिटीचे अध्यक्ष, फार मऊ माणूस. पण वर्ग कुठला द्यायचा ते माझ्या हातात. मी शेजारच्या सराव शाळेतली दुसरी दिली. साठ पोरं! जन्मभर मोठ्या बायांना शिकवलं, लहान मुलांपुढे कधी उभ्या राहिल्यात त्या?… हो, मुद्दामच. तुझ्यापासून काय लपवायचं?

अगं, काय मज्जा! वर्गात शिरताच म्हणाल्या, "बायांनो, शांत बसा." सवय ना! एक कार्टं उठून म्हणतं, "मी बाई न्हाई, मी गहिनीनाथ हाय!" मग काय, सगळा वर्ग खिदळतोय… बाईंच्या हातून खडू पडला. दोनदा.

हसू नको? का हसू नको? मला एकच पाठ नऊ वेळा द्यायला लावला होता त्यांनी, सगळ्यांसमोर… असेल, म्हणूनच मला शिकवता येत असेल. पण मी नाही विसरले.

मग रीतीप्रमाणे त्यांना उभं केलं आणि चुका वाचल्या. चौदा. मध्ये बोलायचं नाही, रीत त्यांचीच. शेवटी म्हणतात कशा, "सुमेधाबाई, पंधरावी राहिली. खिडकीकडच्या रांगेला मी एकही प्रश्न विचारला नाही."… काय करणार? लिहून घेतली. पंधरा केल्या.

आता टिपं कशाला गाळतेस? जागा हवी की नको? श्रीगोंद्याच्या एक बाई तयारच आहेत… हं. अशी बोल.

खोली? त्यांचीच मिळेल, वसतिगृहातली. मोकळी आहे, वारा येतो… संध्याकाळपर्यंत रिकामी होईल… त्या कुठं जातील ते मला काय विचारतेस? तिसगावला भाऊ आहे. भावजयीनं कळवलंय म्हणे, येऊ नका. आता त्याला मी काय करू?

थांब हं, दार वाजलं… या, इंदूबाई. किल्ली ना? ठेवा टेबलावर… पुण्याचा फोन. आपली सुचित्रा. तुमच्या जागी तीच येतेय… बोलायचंय? बघते. सुचित्रा, बाईंना दोन शब्द बोलायचेत. देऊ?… अगं, देऊ का?… बरं, बरं.

लाईन गेली हो, इंदूबाई… काय?… हो, सांगेन. नक्की सांगेन. या तुम्ही.

गेल्या… लाईन चालूच होती हे कळणार नाही तर काय! माझ्यासमोरच उभ्या होत्या. कळलं तर कळलं.

निरोप ठेवलाय तुला. म्हणाल्या, सुचित्राला सांगा, आठवड्यातून एखादा लहान मुलांचा वर्ग घेत जा. सवय राहू दे.

हॅलो?… सुचित्रा?… आहेस ना?… अगं, रडत बोललीस तर मला काय कळणार? एक तारखेला येतेस की नाही, एवढंच सांग…

हं. ये मग. ठेवते.