एका वेळी एकच गोष्ट

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आदरणीय मृणालताई, व्यासपीठावरील आमच्या संस्थेचे कार्यवाह सहदेवराव, समोर बसलेले पालक, माझ्या सहकारी शिक्षिका, आणि ज्यांच्या निरोपासाठी आपण सगळे जमलो आहोत त्या आमच्या जाईबाई, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

विठ्ठलवाडीच्या या बालवाडीत मी सत्तावीस वर्षं शिकवते आहे. जाईबाई माझ्याही आधीपासून इथे मदतनीस आहेत. आज त्यांच्याविषयी छान छान बोलायचं म्हणून काल कागद घेऊन बसले, पण खरं सांगते, दमले. गेली काही वर्षं मी तशी दमलेलीच असते. तेव्हा अलंकार बाजूला ठेवते आणि घडलेलं तेवढं सांगते.

चार वर्षांपूर्वी आमच्याकडे अंतरा आली. वय चार. तिची आई सोनल शहाडला एका दवाखान्यात काउंटरवर बसते. सोनल आज आली आहे, तिसऱ्या रांगेत.

मी रोज सकाळी मुलांना सांगत असे, ‘चपला जोडून ठेवा, दप्तर खणात ठेवा, हात धुवा आणि गोलात येऊन बसा.’ सगळी मुलं तसं करायची. अंतरा मात्र पाठीवर दप्तर, पायात चपला, अशी थेट गोलात येऊन बसायची. मुलं हसायची. मी ओरडायचे. ती माझ्या तोंडाकडे बघत राहायची. तिच्या डायरीत मी तीनदा लिहिलं, ‘सांगितलेलं ऐकत नाही.’

सोनलने रजा काढून ठाण्याला नेऊन तिचे कान तपासले. कान उत्तम निघाले. आपल्याला वाटेल, सुटली पोर! उलटंच झालं. दुसऱ्या दिवशी सोनल फाटकातच तिला म्हणाली, ‘म्हणजे तू मुद्दाम करतेस ना?’ आणि एक चापट दिली. अंतरा रडलीसुद्धा नाही. नुसती आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत राहिली.

त्या दुपारी जाईबाई माझ्या टेबलापाशी आल्या. ‘ताई, राग नका मानू. एक बोलू का?’

‘बोला.’

‘तुम्ही मला सकाळी पाच कामं एका दमात सांगता. मी ती बोटांवर धरून जाते, तरी एखादं सुटतं. त्या लेकराच्या बोटांवर अजून एकच मावतंय. शेवटचं.’

मला राग आला, हे कबूल करते. डी.एड. मी केलं होतं, त्यांनी नाही.

दुसऱ्या दिवसापासून जाईबाई दारात जमिनीवर बसू लागल्या. त्यांचे गुडघे तेव्हाही दुखत होते. अंतरा आली की आधी नाव घ्यायचं. ती बघेपर्यंत थांबायचं. मग म्हणायचं, ‘चपला काढ.’ बस. परत सांगायचं नाही, घाई करायची नाही, मनात दहापर्यंत मोजायचं. चपला निघाल्या की, ‘आता काय करायचं?’ ‘दप्तर,’ असं तिच्याकडूनच वदवून घ्यायचं. मग दप्तर.

मीही करून पाहिलं. थांबणं इतकं दमवतं, हे मला पन्नाशीला कळलं. समोर पस्तीस मुलं, आणि आपण एका चपलेसाठी दहापर्यंत मोजतोय! दिवाळीपर्यंत अंतराला जरा जमलं, आणि सुट्टीनंतर सगळं पुसलं गेलं. सोनल रडली. म्हणाली, ‘ताई, मी सात वाजता घरी पोहोचते. एक गोष्ट चार वेळा सांगायची ताकदच नसते ओ.’

जाईबाई म्हणाल्या, ‘मग चार वेळा नका सांगू. दिवसाला एकच गोष्ट सांगा, पण तिच्याजवळ बसून. बाकीचं तुम्हीच उरका.’

आता जे सांगणार आहे ते सोनलला आज पहिल्यांदा कळतंय. जानेवारीत मी एक पत्र लिहिलं होतं. ‘या मुलीला पुढच्या वर्षी आपल्याकडे ठेवू नये.’ ते सहदेवरावांना द्यायचं होतं. टेबलाच्या खणात आठ दिवस पडून होतं. कागदावर सही माझीच होती.

नवव्या दिवशी जाईबाईंनी अंतराला सांगितलं, ‘ओलं फडकं घे आणि ताईंना दे.’ दोन गोष्टी. पहिल्यांदाच. अंतरा फडकं घेऊन निघाली. मध्येच एका मुलीने तिचा फ्रॉक ओढला. ती थांबली. आता विसरणार, असं मला वाटलं. तिचे ओठ हलत होते. पुटपुटत होती, ‘ताईंना. ताईंना.’ आणि आली. फडकं पिळलेलं नव्हतं, माझ्या टेबलावरचे सगळे कागद भिजले. मी तिच्याकडून फडकं घेतलं आणि टेबल पुसलं.

ते पत्र मी कोणालाही दिलं नाही. सोनल, मला माफ कर.

चमत्कार झाला असं कृपा करून समजू नका. अंतरा आज तिसरीत आहे. तीन गोष्टी एकदम सांगितल्या तर अजूनही गोंधळते. पण आता ती म्हणते, ‘बाई, परत सांगा ना, हळू.’ चार वर्षांची ती हे म्हणू शकत नव्हती. तिच्या वतीने जाईबाई म्हणाल्या.

जाईबाई, तुमच्या गुडघ्यांना आता विश्रांती मिळो. तुम्ही मला शिकवलंत, आणि मी त्याचे आभार आज मानते आहे. उशीर झाला.

संस्थेने मला बोलू दिलं, आपण शांतपणे ऐकलंत, ऋणी आहे. भाषण लांबलं असेल तर ते विसरून जा. पण अंतराच्या आधीची तेवीस वर्षं मी विसरायला सांगणार नाही. तेव्हाही काही मुलांच्या डायरीत मी ‘ऐकत नाही’ असं लिहिलं, काहींना भिंतीकडे तोंड करून उभं केलं. त्यांतली काही आज पालक होऊन या सभागृहात बसली आहेत. बाळांनो, तुम्ही ऐकत होतात. मीच फार भरभर बोलत होते. मला क्षमा करा.