हात मागं

(लोणावळ्यात नुकताच निघालेला बालवर्ग, १९३८. पडवीत शिक्षिका लीलाबाई आणि मुंबईच्या शेटचा बंगला राखणाऱ्या कस्तुराबाई. आत मुलं खेळताहेत. आतल्या दाराशी कस्तुराबाईंची नात हौसा उभी आहे.)

कस्तुराबाई : म्हंजी आठवडाभर तुमी नुसत्या बगत बसला? शिकवलं काईच न्हाई?

लीलाबाई : आधी बघायचंच असतं, आजी. मूल कुठं जातं, काय उचलतं, कुणाशी बोलतं. त्यावरून कळतं, ते वर्गात बसायला तयार आहे की नाही.

कस्तुराबाई : आमच्या कुसगावात बैल घेताना बगत्यात असं. पर त्ये निदान तोंड उघडून दात तरी बगत्यात.

लीलाबाई : थट्टा पुरे. हौसाला यंदा घेता यायचं नाही.

कस्तुराबाई : का? रडली?

लीलाबाई : रडली असती तर बरं होतं. रडणारी मुलं लवकर रमतात.

कस्तुराबाई : कुनाला मारलं? काय फोडलं?

लीलाबाई : कशाला हातच लावला नाही. मणी, ठोकळे, बाहुली, सगळं समोर मांडलेलं असतं. ही जवळ जाते, उभी राहते आणि बघते. संपलं. स्पष्टच सांगते, मला ती मंद वाटते.

कस्तुराबाई : आस्सं! आन त्यो ठोकळं फेकतोय त्यो कोन?

लीलाबाई : डॉक्टरसाहेबांचा मुलगा.

कस्तुराबाई : आत्ता माज्यादेखत त्येनं त्या पोरीच्या टाळक्यात ठोकळा हानला. त्यो हुशार व्हय?

लीलाबाई : त्याला निदान काहीतरी करावंसं वाटतं.

कस्तुराबाई : आन माजी गुमान उबी ऱ्हाती ती येडी. लय मोटी विद्या घेऊन आलाय की पुन्याहून!

लीलाबाई : हे शास्त्र आहे, आजी. तुम्हाला नाही कळायचं.

कस्तुराबाई : बगायचं शास्तर! डोळं तर देवानं आमाला बी दिल्यात.

लीलाबाई : मला वाद घालायचा नाही. पुढच्या वर्षी आणा.

कस्तुराबाई : फुडच्या वर्सी ती न्हाई यायची. शेटानी म्हनल्या, तुजी कंबर आता वाकत न्हाई, साळंत घेतलं न्हाई तर पोरीलाच फरशी पुसायला लाव. येकदा फडकं हातात आलं का सुटत न्हाई, बाई. माज्या हातात आलं तवा मी हिच्याएवडीच हुते.

लीलाबाई : तिच्या आईबापांना नाही का काही वाटत?

कस्तुराबाई : आई हिच्या बाळंतपनात गेली. बाप मुंबैला गिरनीत. कोन हाय तिला माज्याबिगर?

लीलाबाई : घरी खेळायला काही असतं तिला?

कस्तुराबाई : काय कमी हाय? दिवानखाना भरून चिनीमातीच्या बाहुल्या हायेत. शेट मुंबैला असले का बंगल्यात आमीच दोगी. पर आजपत्तोर येका वस्तूचा टवका उडाला न्हाई. इचारा शेटानीला!

लीलाबाई : पोर आत असूनही?

कस्तुराबाई : वळन लावलंय म्या. उंबरा वलांडला का हात मागं. येक बोट म्होरं आलं तर चिमटा. चालाय लागली तवापासनं. पावनं बी म्हनत्यात, काय गुनाची पोर हाय! तुमच्या त्या डॉक्टरच्या पोराला धाडा माज्याकडं, सुतासारका सरळ करते.

लीलाबाई : थांबा. हात मागे म्हणजे कसे?

कस्तुराबाई : पाठीमागं. येका हातानं दुसरा धरायचा. गच्च.

लीलाबाई : आत्ता धरलाय तसा?

कस्तुराबाई : ...व्हय. तसाच.

लीलाबाई : आठवडाभर ती तशीच उभी आहे. मला वाटलं, पोर मंद आहे.

कस्तुराबाई : मंग येवडं बगून बी दिसलं न्हाई तुमास्नी?

लीलाबाई : नाही दिसलं. पण तिनं एक वस्तू स्वतःच्या हातानं उचलली ना, तर आज, आत्ता घेते तिला वर्गात. दुसऱ्या कुणाला विचारणार नाही.

कस्तुराबाई : येवडंच ना? हौसे! ए हौसे! घे ती बाहुली.

हौसा : कुनाची हाय?

कस्तुराबाई : कुनाची का असंना. घे.

हौसा : तू चिमटा काडशील.

कस्तुराबाई : न्हाई काडत. घे म्हनते न्हवं!

हौसा : शेटानी हायेत का आत?

लीलाबाई : इथं नाहीत गं शेटाणी. आजी, ओरडू नका. बघा, आणखी मागे सरली. तुम्हीच या आत. तुम्ही बाहुली उचलून तिच्या हातात द्या. तुमचं बघून घेईल ती.

कस्तुराबाई : म्या?

लीलाबाई : या ना. चपला राहू द्या तिथंच.

कस्तुराबाई : लय चकचकीत हाय हो फरशी. कोन पुसतं?

लीलाबाई : असू दे. ही घ्या, ही बाहुली. साधी लाकडाची आहे, फुटायची नाही.

कस्तुराबाई : घेते की. लाकडाच्या बाहुलीला मी काय भिते? शेटानीच्या झुंबराखाली जल्म गेला माजा.

लीलाबाई : मग घ्या ना.

कस्तुराबाई : घेते, बाई. घेते.

हौसा : आजे, तुजं बी हात मागंच हायेत.