तांब्यालाही झिजावं लागतं

—नाही हो पाहुणे, तुमची बायको इथे नाही, कितीदा सांगू? माझी धाकटी बहीण असली म्हणून काय पदराला बांधून ठेवलीय तिला? बसा त्या खोक्यावर. या लोखंडी जॉबच्या भोकात आटे पाडताना टॅप आतच मोडला म्हणून आलात ना — मग टॅपचंच बघू. ठोकून पाहिलंत वाटतं? दिसतंय की, भोकाच्या कडा पार ठेचल्यात. तुमचं सगळं हातोडीवर! अहो, टॅप भलता कडक, ड्रिलला दाद देत नाही — इथे ठिणगीच हवी. हा तांब्याचा दांडा त्याच्यावर आणायचा, पण टेकवायचा नाही, केसाएवढी फट ठेवायची, सगळं या टाकीतल्या तेलात बुडवायचं, आणि सोडायची वीज. तडतड ऐकलीत? एकेक ठिणगी धातूचा कण वितळवून उडवते, तेल तो धुऊन नेतं. हात न लावता पोखरायचं. तुम्हाला नाही जमायचं — हात उगारल्याशिवाय तुम्हाला चैन कुठंय?

रागावलात? रागवा. बायकोला मारायचं म्हणजे किती — जबडा निखळेपर्यंत? काल घास चावता येईना पोरीला, कुस्करून भरवला मी, लहानपणी भरवायची तसा —

काय बघताय असं? काल म्हणजे... मागे कधीतरी. अहो, बसा ना! त्या दाराकडे कशाला, भंगार आहे नुसतं आत — बस म्हणते ना!

हां. आता माझा हात बघ. तेलाच्या व्हॉल्व्हवर आहे, आणि व्हॉल्व्ह मी उघडलाय. तेल उतरतंय. उतरलं की मशीन आपोआप बंद पडायला हवं — पण सारखं अडायचं मेलं, म्हणून तेलावर तरंगणारा फ्लोट वरच तारेनं बांधून टाकलाय मी. ठिणगी तेलाच्या वर आली की भडका! आणि त्या दाराशी जायचं तर टाकीला घासूनच जावं लागतं. तिला मागून बाहेर पडायला वाट आहे. तिकडे पाऊल टाकलंस तर तुला नाही. मलाही नाही, हो, मीही जळेन — ठिणगी काय एकट्या टॅपला खाते? तांब्यालाही झिजावं लागतं. मला चालेल. तिच्या अंगावरचे वळ मी धुतलेत, मला सगळं चालेल. तुला चालेल का रे?

नाही ना? मग हो चालता. जॉब राहू दे, चप्पल राहू दे — नीघ!

...गेला गं. काढ कडी. ये, आधी मशीन बंद कर — माझी बोटं सुटत नाहीयेत.