लाल की हिरवी

...आणि वर तो दुकानदार शांतपणे म्हणतो काय, तर 'साहेब, दोन्हीत डावं-उजवं करण्यासारखं काही नाही.' आता तुम्हीच सांगा, डावं-उजवं कळत असतं तर आमचा दादा पुन्हा पुन्हा त्याच्या दुकानाची पायरी कशाला चढला असता? चेनसॉ घ्यायची होती हो. पेट्रोलवर चालणारी करवत. विमान नाही, घर नाही, चुलाणात घालायची लाकडं कापायला एक करवत. दुकानात दोन होत्या, एक लाल, एक हिरवी. इंजिनाची ताकद सारखी, पात्याची लांबी सारखी, वजनात फरक म्हणाल तर एखाद्या कांद्याएवढा, आणि आवाज दोघींचाही असा की शेजाऱ्याने खिडकी लावून घ्यावी.

बरं, दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, हा काही चाचरणारा माणूस नव्हता. जन्मभर कागदाच्या कारखान्यात फोरमन. 'हा रोल तिकडे, तो ट्रक मागे घे, तू घरी जा, तू थांब'... संपलं. कोणाची हिंमत नव्हती दुसऱ्यांदा विचारायची. वहिनीला पहिल्यांदा भेटून आला तेव्हा दारात बूट काढता काढताच आईला म्हणाला, 'हीच.' आईने नावसुद्धा विचारलं नव्हतं अजून. आणि तोच माणूस, तुम्हाला सांगतो, दुकानात लाल उचलतो, खाली ठेवतो, हिरवी उचलतो, खाली ठेवतो, मग दोन हातांत दोन घेऊन पाण्याच्या बादल्या धरल्यासारखा मध्येच उभा. लाल मशीनची दोरी ओढून बघतो, हिरवीची ओढून बघतो. 'लालची मूठ जरा बरी वाटते,' म्हणतो. मी म्हणतो, 'मग घे लाल.' 'पण हिरवीची साखळी बदलायला सोपी आहे.' 'मग हिरवी घे.' 'पण मूठ?'... आणि रिकाम्या हाताने घरी!

पुढच्या वेळी आम्ही आत शिरलो तर दुकानदार गल्ल्यावरून उठून मागच्या खोलीत गेला तो बाहेरच येईना. त्याची बायको आली, तिने दादाला बसायला स्टूल दिलं आणि दवाखान्यात बोलतात तशा आवाजात म्हणाली, 'काका, खरंच सांगते, दोन्हीत डावं-उजवं काही नाही.' दादा तिच्याकडे असा बघत राहिला की बिचारी स्टूलच पुसायला लागली.

तुम्ही म्हणाल, हसण्यावारी न्यायची गोष्ट आहे. मीही नेली असती. पण थंडी थांबते का हो तुमच्यासाठी? दादाचं घर उताराच्या टोकाला, अख्खं घर एका लोखंडी चुलाणावर गरम होणारं. जुनी करवत थंडी सुरू होता होताच जळाली, आणि मागच्या अंगणात वाळलेली खोडं पडलेली, आख्खीच्या आख्खी, माणसासारखी आडवी. कुऱ्हाड घालावी तर दादाचा खांदा वर जात नाही. मग काय, कुंपणाच्या फळ्या चुलाणात गेल्या. सफरचंदांची खोकी गेली. मोडकी खुर्ची गेली, मग जी मोडकी नव्हती ती गेली. आणि चुलाणाशेजारी खाली आणून ठेवलेल्या पलंगावर वहिनी, अंगात कोट, त्यावर दोन ब्लँकेटं, डोक्याला दादाची लोकरी टोपी. तिला जिना चढता येत नव्हता म्हणून पलंग खाली आणला होता. चार शब्द बोलायची, थांबायची, श्वास गोळा करायची, मग पुढचे चार.

मला राहवेना. दादाला स्वयंपाकघरात नेलं, म्हटलं, 'उद्या मी जातो, डोळे मिटतो आणि हाताला लागेल ती घेऊन येतो.'

'आणि चुकीची निघाली तर?'

'चुकीची निघून काय होणार आहे? लाकूड जरा वाकडं कापलं जाईल.'

त्याने नळ उघडला, एक कप घेतला, तो धुतलेलाच होता, तो पुन्हा धुतला. आणि तेव्हा माझ्या मठ्ठ डोक्यात प्रकाश पडला, की हा माणूस करवतीपाशी उभाच नाहीये. हा अजून त्या डॉक्टरच्या टेबलासमोर उभा आहे.

झालं होतं असं. उन्हाळ्याच्या शेवटी वहिनीच्या फुफ्फुसात गाठ सापडली. डॉक्टर हुशार, बोलायला गोड, टेबलावर दोन बोटं शेजारी शेजारी ठेवून समजावणारा. ऑपरेशन करता येईल, किंवा औषधांवर ठेवता येईल, निकाल म्हणाल तर सारखेच... 'खरं सांगायचं तर दोन्हीत डावं-उजवं काही नाही. तुम्ही ठरवा.' वहिनी तापाने फणफणलेली. दादाने तिला विचारलं, तर ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, 'तुम्हीच ठरवा.' आणि दादाने ठरवलं. फोरमनच तो. 'ऑपरेशन.' चटकन. ऑपरेशन झालं, गाठ निघाली, पण सगळी निघाली नाही, आणि श्वास जो अर्धा झाला तो अर्धाच राहिला. दोष कोणी दिला नाही. फक्त वहिनीचा भाऊ दवाखान्याच्या व्हरांड्यात, कोणाला उद्देशून नाही, असाच खिडकीबाहेर बघत म्हणाला, 'औषधं देऊन बघायला हवी होती.' एवढंच. माणूस वाईट नाही तो. पण त्या दिवसापासून दादाला कुठला शर्ट घालू तेही ठरवता येईना. चहा की कॉफी विचारलं की घाम फुटायचा. आम्हाला वाटलं, वय झालं.

एका दुपारी मी गेलो तर वहिनी पलंगावर बसलेली, पायात बूट. म्हणाली, 'भाऊजी, गाडी काढा.' दादा म्हणतो, तू कुठे निघालीस, बाहेर गारठा आहे. ती म्हणाली, 'आत काय आहे?' मी गाडी काढली.

दुकानात तिला धरून नेलं. दुकानदाराने आमच्याकडे बघितलं आणि आपसूक त्याच्या तोंडून सुरू झालं, 'ताई, दोन्हीत...' वहिनीने हात वर केला. त्या माणसाला तेवढ्यावर गप्प होताना मी पहिल्यांदा बघितलं.

'ही द्या,' ती म्हणाली. लाल.

दादा म्हणाला, 'हीच का?'

'ही दाराजवळ आहे. मला... आणखी उभं राहवत नाही.'

संपलं! इतके दिवस घर गारठवणारा प्रश्न, आणि उत्तर काय, तर दाराजवळ आहे!

परत येताना गाडी मी चालवत होतो, ती दोघं मागे, आणि दादाच्या मांडीवर ते खोकं. मग वहिनी बोलायला लागली, चार चार शब्दांनी, आणि मी आरशात बघायचं नाही असं ठरवूनही बघत होतो.

'त्या दिवशी मला ताप होता... पण शुद्ध होती. डॉक्टर काय म्हणाले... ते सगळं कळलं होतं. मला भीती वाटली. म्हणून तुमच्यावर ढकललं.' मग बराच वेळ नुसता श्वास. 'तुम्ही चुकला नाहीत. मी पळाले.'

दादा खोक्यावरची चिकटपट्टी नखाने उकलत राहिला, घर येईपर्यंत.

आणि मग, तुम्हाला सांगतो, तो कापायला लागला. काय कापायला लागला! खांद्याचं नाव नाही, जेवणाचं नाव नाही. ती लाल करवत अंगणात किंचाळते आहे, भुसा उडतो आहे, दादाच्या भुवया पांढऱ्या, आणि आत वहिनी पडल्या पडल्या आवाज ऐकते आहे. आवाज थांबला की म्हणायची, 'अडकली बहुतेक.' पुन्हा सुरू झाला की डोळे मिटायची. एका संध्याकाळी ती खोली अशी तापली की तिने टोपी काढली, मग कोट काढला, मग म्हणाली, 'अहो, जरा खिडकी उघडा, उकडतंय.' दादा धावत आला. खिडकी उघडली, आणि तिथेच उभा राहिला, पाठ आमच्याकडे करून. गार वारा घ्यायला उभा होता म्हणे.

थंडी सरता सरता वहिनी गेली. घर गरम होतं. डॉक्टरांना मी एकटाच भेटलो, विचारलं, औषधं दिली असती तर? त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले, उचलले, आणि म्हणाले, 'सांगता येत नाही.' दादाला मी ते सांगितलं नाही. तिचा भाऊ येऊन बसला, दादाच्या हातावर हात ठेवून रडला, तेव्हा दादानेच त्याला पाणी आणून दिलं. आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा कापायला लागला. आता मागे लाकडांची एवढी रास आहे की मागचं दार उघडत नाही. कोणासाठी, ते मी विचारत नाही.

परवा आम्ही त्याच दुकानात गेलो, साखळीला लागतं ते तेल आणायला. दुकानदार यावेळी पळाला नाही. तेलाचा डबा पुढे सरकवत, काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, 'काका, तुम्ही बघितलेल्या त्या दोघींपैकी एक कंपनीने बंद केली बरं का. लोकांच्या तक्रारी आल्या म्हणे.'

दादाने डबा उचलला आणि चालू लागला. मी त्याच्या मागे धावलो. म्हटलं, 'अरे, कुठली ते तरी विचार!'

तो गाडीचं दार उघडून बसला, डबा दोन पायांमध्ये नीट उभा केला, आणि म्हणाला, 'आता कळून काय करू?'