वहिनींची मागची सीट

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर बसलेले उत्पादन आणि विक्री विभागाचे प्रमुख, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती आमचे मोठे साहेब, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी म्हणजे आमच्या वहिनी, आणि चहा गार होतोय हे ठाऊक असूनही बसून राहिलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

टेस्ट ड्रायव्हरच्या हातात माईक द्यायचा, ही संयोजकांची हिंमतच म्हणायची. माझं काम गाडी खड्ड्यांतून घालायची आणि उतरून "मागून आवाज येतोय" एवढं सांगायचं. आज जरा जास्त बोलेन.

साहेबांनी इथे आयुष्यभर एकच काम केलं, सस्पेन्शनचं. रस्ता आणि माणूस यांच्या मधलं काम. ते चांगलं झालं तर कुणाला आठवत नाही आणि बिघडलं तर सगळे नावानं शिव्या देतात. असं काम कुणी हौसेनं पत्करतं का? साहेबांनी पत्करलं.

आपल्या नव्या गाडीचा पहिला प्रोटोटाइप उभा राहिला, तेव्हा तिची मागची दोन्ही चाकं स्वतंत्र होती. डावं खड्ड्यात गेलं तर उजव्याला पत्ता लागत नसे. हे कुणासाठी चाललंय, ते सगळ्या खात्याला कळत होतं. वहिनींच्या मणक्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना गाडीत बसणं नको झालं होतं. पुढे तर त्या बसायच्याच नाहीत. म्हणायच्या, पुढे बसलं की खड्डा आधी दिसतो आणि पाठ आधीच दुखायला लागते.

एका शनिवारी साहेबांनी वहिनींना मागच्या सीटवर बसवून ट्रॅकवर आणलं. सुरक्षा अधिकाऱ्यांनी हे वाक्य ऐकलं नाही असं समजावं. चालवायला मी होतो. खडबडीत पट्टा सुरू झाला, वहिनी मागे स्वेटर विणत होत्या. पट्टा संपल्यावर त्यांनी विचारलं, "कधी सुरू करणार?" साहेब माझ्या शेजारी होते. त्यांनी नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मग ती गाडी हळूहळू बाजारातली व्हायला लागली. यात खलनायक कुणी नाही, हे आधीच सांगतो. विक्रीप्रमुखांना डिकीत स्टेपनी आणि दोन मोठ्या बॅगा हव्या होत्या, कारण गिऱ्हाईक डिकी उघडून बघतंच. उत्पादनप्रमुख म्हणाले, एवढे सांधे जोडत बसलो तर अख्खी लाइन खोळंबेल. तेही खरंच. स्वतंत्र चाकं गेली आणि दोघांना बांधणारा एक आडवा बीम आला. सांध्यांत धक्का गिळणारे मऊ रबरी बुश चाचणीत फाटले, चालवत मीच होतो, म्हणून कडक बुश आले. पाच माणसं आणि सामान भरलं की मागची बाजू बसायची, म्हणून स्प्रिंगही कडक झाल्या. प्रत्येक बैठकीत साहेब भांडले आणि प्रत्येक बैठकीतून समोरच्याचं पटून बाहेर आले. समोरचा एकदा तरी खोटा निघाला असता तर किती बरं झालं असतं!

शेवटी त्यांच्या हातात उरल्या शॉक ॲबसॉर्बरच्या आतल्या चकत्या. तेलाची वाट अडवणाऱ्या, कागदासारख्या पातळ. एक काढायचे, दुसरी घालायचे आणि म्हणायचे, "जाऊन ये." मी जाऊन आलो की माझ्या तोंडाकडे बघत राहायचे. मी काय सांगणार? "फरक पडलाय, साहेब," म्हणायचो. पडायचाही. पण तो मला कळेल एवढाच, दुखऱ्या पाठीला कळेल एवढा नाही. पुढे त्या चकत्याही ठरून गेल्या आणि साहेबांचा हात रिकामा झाला.

कंपनीनं आज साहेबांना बाजारात आलेली हीच गाडी भेट दिली, त्याबद्दल अध्यक्षांचे मनापासून आभार. आणि आता तुमच्या कानावर एक गोष्ट घालतो. ती पहिली प्रोटोटाइप गाडी नियमाप्रमाणे मोडीत जाणार आहे. म्हणून गेल्या रविवारी आम्ही वर्कशॉपच्या चौघांनी तिचं मागचं सस्पेन्शन उतरवलं आणि ही भेटीची गाडी लिफ्टवर चढवली. गुपचूप बसवून टाकू म्हटलं. खालून बॅटरी मारली, तर बोल्ट जिथे बसायचे त्या जागाच या बॉडीत नाहीत. तिथे स्टेपनीचा खळगा आहे. आम्ही ते सस्पेन्शन हातात धरून तसेच उभे. तेवढ्यात दारात साहेब. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, वरच्या बीमकडे पाहिलं, आणि म्हणाले, "ठेवा रे खाली. जड आहे ते."

मला फार वाईट वाटलं. अजून वाटतंय.

असो. साहेब, तुम्ही आम्हाला गाडीत बसणाऱ्याचा विचार करायला शिकवलंत, त्याबद्दल सगळ्या वर्कशॉपतर्फे आभार. टेस्ट ड्रायव्हरचं भाषण आहे, मधे धक्के बसले असतील, ते सर्वांनी पोटात घालावेत.

गाडी दाराशी लावली आहे. घरी सोडायला मी येतोय. पुढची बाजू बरीचशी साहेबांनी केली तशीच राहिली आहे. म्हणून वहिनी, आज तुम्ही पुढे बसा. मागे साहेब बसणार आहेत, त्यांनी स्वतःच तसं ठरवलंय. तुम्ही फक्त डोळे मिटून घ्या. खड्डे मी बघतो.