पोत्यांखालची चूल

चुलीवरच्या भाकरीला चव चुलीची असते का धुराची — तुम्ही शिकलेले, तुम्हीच सांगा साहेब. येईल त्या गिऱ्हाइकाला विचारतो, एकानं सांगितलं न्हाय. नुसतं हसतात आणि मोबाइल काढतात. तुम्हीपण तेच. पाटीवर ‘चुलीवरचं जेवण’ वाचून किहीमला गाडी वळवलीत, आणि आता या लोखंडी चुलीकडे बघताय, जणू मी तुमचं पाकीटच मारलंय. अहो, हीपण चूलच. लाकडं खाते, नारळाची सोडणं खाते — फक्त धूर घरात न ठेवता त्या पायपातनं कौलांवर सोडते. मातीचीच पायजे? म्हणजे पुढ्यात बाई पायजे, पदर खोचलेली, फुंकणी फुंकून डोळ्यांतनं पाणी गळणारी. होती ना. माझी मोठी बहीण, केसरताई. पुण्याची एक मॅडम तिला म्हणाली, डोळे पुसू नका हां, फोटो छान येतोय. आणि ही पुसायची थांबली. येडी.

गंज? कुठं — हां, तो. खारा वारा. नवीनच हाय हो. म्हणजे बसवून महिना झाला, आणली गणपतीच्या आधी. ताईनंच आणली, अलिबागवरनं, टेम्पोत घालून, मांडीवर पोर घ्यावं तशी धरून. मग इतके महिने कुठं होती — तुम्ही पोलीस हाय का? खोपीत होती, सोडणांच्या पोत्यांखाली. मीच ठेवली. चांगदेव मिस्त्री पायपाचं माप घ्यायला आला, त्याला मीच हाकलला. छपरावर पायप दिसला की तुमच्यासारखे पाय काढतात, आत्ता काढताय तसा. ताईला म्हटलं, दिवाळीची गर्दी सरू दे. मग म्हटलं, नाताळ सरू दे. ती खोकत म्हणायची, सरू दे बाबा. मग जानेवारीत अलिबागच्या दवाखान्यात ठेवली तिला. डॉक्टर मला विचारतो, घरात विडी कोण ओढतं. मी पाचवी नापास, पण तेवढं मला कळलं.

खाटेवरनं ताईनं एकच विचारलं, "चूल बसवलीस?"

मी म्हटलं, बसवली. तोंडातनं निघून गेलं. ती म्हणाली, "दाखव."

जुनी चूल मोडताना आधी दूध शिंपडतात, हात जोडतात. आमच्यात रीत हाय. मी घरी येऊन सरळ पहार घातली. ताईनं दर शनिवारी सारवलेली ती चूल, चार घावांत माती. दोन कौलं फोडली, पायप वर काढला, वाकडा — बघा, तसाच हाय अजून. पेटवली, अंगणात जाऊन व्हिडिओ काढला, धूर सगळा माडांच्या वर चाललेला. आणि बाइक मारत दवाखान्यात.

आता का उठलात? जा तुम्ही. पुढच्या आळीत मातीची चूल हाय, तिथं जेवा. तिथंही कुणाची तरी बहीण फुंकत बसली असेल, फोटो चांगला येईल. मी काय सांगत होतो — हां. ताईच्या डोळ्यांपुढं मोबाइल धरला. दोनदा बघितलं तिनं. मान हलवली, पुन्हा लाव म्हणून. तिसऱ्यांदा लावला तेव्हा — मी धरूनच होतो, साहेब. सिस्टरनं येऊन हातातनं काढून घेईपर्यंत मी धरून होतो.