अर्थिंगची सैल पट्टी

चिन्मय आणि रेवा, मागच्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, इथल्या, वरशाच्या घराच्या अंगणातला तो ट्रॅक्टर कधीपासून बंद आहे. गुरुवारी भंगारवाला तो नेणार आहे. तो चालवणारे नामाआजोबा, म्हणजे तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ, अजून नीट बोलू शकतात. म्हणून मी, तुमच्या आजीनं, त्यांना समोर बसवलं आणि ते बोलले तसं उतरवलं. विरामचिन्हं तेवढी माझी.

आमचा जन्म खाडीकाठचा, वहिनी, धरमतरच्या अंगाला, तुम्हाला ठावं हाय, पण पोरांना सांगा. एका बाजूला खाडी, एका बाजूला भात, मध्ये मातीचा बांध. बांधाला खांड पडली, म्हणजे पाण्यानं वाट केली, की खारं पाणी शेतात, मग कैक वर्षं भाताचं नाव नाय. म्हणून गावकीचा नियम, खांड पडली की घरटी एक माणूस, चिखलाची ढेकळं हातोहात द्यायची न उधाणाच्या आत बुजवायची. पण दादानं, म्हणजे यांच्या आजोबानं, कोलाडहून तो जुना विलायती ट्रॅक्टर आणला, पेट्रोलवर सुरू व्हायचा न मग रॉकेलवर चालायचा, आणि लोक सवकले, खांड पडली काय, नामा ट्रॉलीनं माती टाकील.

त्या साली अमावस्येच्या तोंडावर खांड पडली आणि नेमकी बॅटरी मेली. दादानं ती काढून पेणला दिली, नवी आणली, पण कुठली तार कुठं होती ते कुणी बघितलंच नाय. आता काय सांगू तुम्हाला. बॅटरीला दोन खुंट, प्लस न मायनस. एक तार स्टार्टरला, दुसरी विणलेली पट्टी बॉडीला, अर्थिंगची. पण बॉडीला प्लस का मायनस? तुम्हाला बोलावलं, आठवतं? वहिनी इंग्रजी शिकल्यात, पत्र्यावरचं वाचतील. तुम्ही पदर खोचून वाकलात न म्हणालात, भाऊजी, इथं वाचण्यासारखं काही उरलेलं नाही, सगळा गंज आहे.

मग आला भिवा, जेटीवरचा ट्रक ड्रायव्हर, तोंड म्हणजे भोंगा. म्हणाला, नाम्या, बॉडीला मायनसच, माझ्या ट्रकला हाय, दुनियेला हाय, तुझा काय चंद्रावरून आलाय? तर पट्टीच्या टोकाची, खुंटावर बसते ती पकड मायनसच्या खुंटाला सैल. म्हटलं, भिवा, ही हलते रे. म्हणाला, मग शिसं आण की. मासळीच्या जाळ्याला बांधतात ते शिसं आणलं, ठोकून पकडीच्या आत बसवलं. दुसऱ्या तारेची पकड प्लसला शिरेना, ती कानशीनं घासून मोठी केली. खाडीची माणसं आम्ही, सैल झालं की शिसं, एवढंच येतं. दिवा लावला, लागला. मीटरचा काटा एरवी दिव्याला डावीकडं पडायचा, तो उजवीकडं गेला, चार्जिंगच्या अंगाला. बाया म्हणाल्या, बघ गो, दिवा पण लागलाय न बॅटरी पण भरतेय! शकुन मानला, दादानं नारळ फोडला.

बटण दाबलं, इंजिन लागलं, लोक ओरडले, न रेस दिली तसा मीटरच्या मागून धूर. तारा वितळल्या, इंजिन बसलं. हँडल मारून मारून दंड सुजले, पण ताराच जळाल्या, ठिणगी कुठली? मग सगळे बांधावर धावले, ढेकळं हातोहात सुरू झाली, पण दुपार झालेली, उधाण आलं न हातातला चिखल हातातच विरघळला. दादा छातीभर पाण्यात उभा.

पुढं शेतात भरती-ओहोटी चालायची न मी ट्रॅक्टरपाशी बसायचो. ते शिसं काढायला गेलो, निघेना, तेव्हा ध्यानात आलं. प्लसचा खुंट जाड, मायनसचा बारीक, आणि बॉडीच्या पट्टीची पकड मूळचीच मोठी. म्हणजे त्याला बॉडीला प्लस लागत होता. काटा उलटा पडला न तारा जळाल्या, त्या त्यापायीच. पकड सांगत होती, वहिनी, आपण तिच्या तोंडात शिसं कोंबलं. दादाला सांगितलं तर म्हणाला, बरं. एवढंच.

शेतात आता तिवरं, खाऱ्या चिखलातली झाडं, माजलीत. मी रोह्याला कंपनीत शिफ्ट केल्या, इथं वरशाला घर झालं, ट्रॅक्टर ओढत आणला, टाकवला नाय. कुणाला बोल लावू? पोरांना म्हणावं, लांब असाल तिथं सुखी ऱ्हावा.

एवढं बोलून ते उठले. शेत नाही, भिवा नाही, तुमचे आजोबा नाहीत. पट्टी मी काल सोडवून घेतली. ती माझ्या कपाटात आहे, आणि शिसं अजून आत घट्ट बसलेलं आहे.